बारा तासांची पाळी, घरात आजारपण, प्रार्थनेत मन लागत नाही. ख्रिस्ती विश्वासात टिकून कसं राहायचं?

मन लागत नाही, हे आधी देवालाच सांगा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत तक्रारी भरपूर आहेत. १३ वं सुरूच होतं 'किती काळ?' या सवालानं, आणि ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरीही ती प्रार्थनाच मानली गेली.

आपल्या सोलापूरकरांना बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३ रा अध्याय जास्त जवळचा वाटावा. द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. आपल्याकडच्या दुष्काळाचंच वर्णन म्हणा ना! गंमत म्हणजे पहिल्या अध्यायात हाच माणूस देवाशी चक्क भांडतो. विश्वास असा भांडून आलेला असला तरी चालतो.

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात होते. काम सुटलं तेव्हा काही महिने घरात मोठी प्रार्थना झालीच नाही. आई भाकरी थापताना येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायची, तेवढंच. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' ही ओळ तव्यासमोर ऐकली की वेगळीच लागते.

तेव्हा तासभर बसायचा हट्ट सोडा. कामावर जाताना एकच वचन मनात घोळवा. रविवारची उपासना मात्र शक्यतो चुकवू नका, आणि आजारपणाचं चर्चच्या पाळकांना स्पष्ट सांगा. मंडळीतलं कोणी दवाखान्यात रात्री बसायला आलं, तर संकोच न करता बसू द्या.