रत्नागिरी बंदरात एकच दिवस आहे, काय काय बघून होईल?

तुमचा प्रश्न असा: नाशिकचे चौघं, जानेवारीत शिडाच्या बोटीने मुंबई ते गोवा, वाटेत रत्नागिरीला एक दिवस, थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान आणि रत्नदुर्ग होईल का? रिक्षा केलीत तर होईल. पण तेवढा वेळ बोटीवर कोण थांबणार, हे प्रश्नात कुठेच नाही आणि मला तेच खटकलं.

बंदरातला दिवस आधी बोटीचा, उरला तर आपला. गंगापूर धरणावर शिकलेल्या आपल्याकडच्या मंडळींशी माझा यावर जुना वाद आहे. त्यांचं म्हणणं, दोर कसून बांधला की बोट सुरक्षित. धरणात ते चालतं, कारण तिथलं पाणी दिवाळीपासून मेपर्यंत हळूहळू उतरतं. रत्नागिरीला उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, सहा तासांत दोन मीटरच्या वर उतरतं. भरतीला आखूड बांधलेली बोट ओहोटीत दोरांवर लटकते. मग क्लीट, म्हणजे बोटीवरची दोर बांधायची खुंटी, उपटते, नाहीतर दोर इतका ताणला जातो की गाठ सुटतच नाही, सुरीच लावावी लागते. म्हणून पुढचा-मागचा दोर धक्क्यावर लांब नेऊन बांधायचा, पाणी जेवढं उतरणार त्याच्या किमान तिप्पट. शिवाय दोन तिरपे दोर, बोट पुढे-मागे सरकू नये म्हणून. धक्क्याच्या कडेला दोर घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा.

धक्क्याऐवजी मच्छीमार बोटीला बांधलंत तर ती तुमच्याबरोबरच वर-खाली होते, दोरांची कटकट नाही. फक्त तांडेलाला, म्हणजे त्या बोटीच्या प्रमुखाला, विचारून बांधा आणि तो कधी निघणार तेही विचारा. पहाटे तीनला निघणार असेल तर तुम्हालाही तेव्हाच उठायचंय.

नांगरावर असाल तर खोली भरतीची धरा. पाच मीटर पाणी, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर, म्हणजे सहा. नांगराला पूर्ण साखळी असेल तर त्याच्या पाचपट, तीस मीटर सोडा. साखळी थोडी आणि दोर जास्त असेल तर सातपट. इंजिन रिव्हर्सला टाकून नांगर रुतवा, मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून अर्धा तास बघा. रेषा मोडली तर नांगर घसरतोय.

डिझेल कॅनने आणाल तर कॅन तासभर स्थिर ठेवा, गाळणीच्या नरसाळ्यातून ओता आणि तळाचं दोन बोटं डिझेल टाकीत जाऊ देऊ नका. पाणी आणि गाळ तिथेच बसतो. मासेमारी बंदरात प्लास्टिक आणि जाळ्याचे धागे तरंगतात, म्हणून इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत जातं तिथली गाळणी उघडून बघा. एक्झॉस्टमधून पाणी कमी पडायला लागलं तर इंजिन लगेच बंद. पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, एक जादा जवळ हवं. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर.

आता फिरण्याचं. सकाळी मतलई वारा मंदावतो तेव्हा दोघांनी जावं, दोघांनी बोटीवर थांबावं. दुपारी वायव्येचा वारा जोर धरायच्या आत, एकपर्यंत, सगळे परत. भगवती बंदराजवळचा रत्नदुर्ग निवांत बघा, बाकीचं सोडा.

बोटीवर पगारी खलाशी असतील तर तुम्ही मोकळे आहात, तिन्ही बघून या. आणि वरचे आकडे रत्नागिरीचे. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, तिथे दोरांचा हिशोब भरती-ओहोटीचा तक्ता बघून नव्याने करा.