शिलाई मशीन नसताना घरामागची अडगळ झाकायला स्वस्त पडदे कसे करावेत?

तुम्ही लिहिलंय की बोरिवलीला तळमजल्यावर भाड्याने राहता, मागे बारा फुटांचा मोकळा पट्टा आहे आणि तिथली सायकल, पाण्याचे ड्रम, रिकाम्या कुंड्या, घरमालकाचा मोडका कूलर हे सगळं हॉलच्या खिडकीतून दिसतं. बजेट हजारभर.

हजारात आरामात बसेल. फक्त पैसे कापडावर घालू नका, तार आणि हुकांवर घाला. तार ढिली असली की मंगलदास मार्केटमधून आणलेलं भारीतलं कापडही धुणं वाळत घातल्यासारखं दिसतं. हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकचं आवरण असलेली स्टीलची वायर रोप मिळते, ती घ्या. एका टोकाला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू, लावा, म्हणजे पुढे कधी तार सैल झाली तर नुसतं फिरवून ताणता येते. हुक स्टेनलेस स्टीलचेच हवेत. आपल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं आणि गंजाचे ओघळ कापडावर येतात. भाड्याचं घर आहे, तेव्हा भिंतीत ड्रिल मारण्याऐवजी जिथे खिडकीचं ग्रिल आहे तिथे तार ग्रिललाच बांधा. बारा फुटांत मध्ये झोळ येणारच, म्हणून मध्ये एक आधार द्या. त्या आधारावरून रिंगा सरकत नाहीत, त्यामुळे पडदे दोन करा, सहा-सहा फुटांचे.

आता कापड. वर छज्जा असेल आणि पाऊस थेट मारत नसेल, तर घरातली जुनी सिंथेटिक साडी काढा. साडी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. मधून कापली की नऊ-नऊ फुटांचे दोन तुकडे, सहा फुटांवर छान चुण्या पडतील एवढे. साडी आडवी लावायची, काठ वर आणि खाली. तिथे धागे सुटत नाहीत, म्हणून दुमडून शिवायची गरजच नाही. उंची पावणेचार फूट मिळते, ड्रम आणि कुंड्यांना ती पुरते. वरच्या काठाला चिमट्याच्या रिंगा लावल्या की झालं, भोकही पाडायला नको.

राहिली कापलेली कड. आधी एक धागा ओढून जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर ते सुती आहे. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. सिंथेटिकची कड ताणून धरायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीच्या शेजारून, ज्योतीला न टेकवता, झरझर पुढे न्यायची. कड वितळून बंद होते. हे काम घराबाहेर करा, बाजूला पाण्याची बादली ठेवा. सुती साडी कितीही सुंदर असली तरी नको. पावसाळी हवेत ती ओलीच राहते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात.

जागा उघडी असेल तर मात्र शेडनेट, म्हणजे रोपांवर सावलीसाठी बांधतात ती जाळी. नर्सरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. टक्के म्हणजे ती किती ऊन अडवते ते. 50 टक्केवाली घेतलीत तर मागचं सगळं दिसेल, 75 किंवा 90 टक्केवाली मागा. हिरव्याचा कंटाळा असेल तर काळी घ्या. विणच अशी असते की कापल्यावर फारसे धागे सुटत नाहीत. वरच्या बाजूला आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेली भोकं, हवी असतील तर बॅनर छापणाऱ्याकडे न्या, त्याच्याकडे पंच असतो. तेही नको असेल तर गोटी वापरा: नेटच्या कडेला मागून एक गोटी धरायची, वरून नेट तिच्याभोवती आवळायची आणि गोटीच्या खाली नायलॉनच्या दोरीची घट्ट गाठ मारायची. भोक नाही म्हणून फाटत नाही. दोरीचं उरलेलं टोक तारेला बांधा. खालच्या कडेला अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप केबल टायने अडकवला की वाऱ्याने नेट उडत नाही. जमिनीपासून वीतभर वर ठेवा, नाहीतर चिखल उडतो.

कोणी जुना फ्लेक्स फुकट देईल, घेऊ नका. त्यातून वारा आरपार जात नाही, वादळी पावसात हुकासकट उपटून येतो. शिवाय वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे भाऊ वर्षभर तुमच्या खिडकीत बघत बसणार.

गॅस सिलिंडर, मीटरची पेटी आणि एसीचं बाहेरचं युनिट पडद्याआड घालू नका. आणि झाकलेल्या अडगळीकडे आपलं लक्ष जात नाही, ड्रम आणि कुंड्यांच्या थाळ्यांत पाणी साचून राहतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. आठवड्यातून एकदा पडदा बाजूला करून सगळं रिकामं करा. साडीचा पडदा जूनच्या सुरुवातीलाच उतरवून ठेवा.

आणि तार घेण्याआधी घरमालकाला एक फोन करा. कूलर भंगारात द्यायला तो हो म्हणाला, तर बाराऐवजी आठ-नऊ फुटांतच भागेल.