लिनक्स लॅपटॉपवर काही वेबसाइट कधी उघडतात कधी अडकतात, फोनवर मात्र चालतात, फॉरमॅट मारू का?

नको, फॉरमॅट अजिबात मारू नका. तुम्ही लिहिलंय की गोव्यात डिचोलीला घर आहे, नवीन फायबर कनेक्शन घेतलंय, लॅपटॉपवर उबुंटू आहे, गुगल यूट्यूब झकास चालतं पण बँकेची साइट आणि मुलीच्या कॉलेजचं पोर्टल कधी पटकन उघडतं तर कधी नुसतं गोल गोल फिरत राहतं, रीस्टार्ट केला की थोडा वेळ बरं चालतं आणि परत तेच, आणि त्याच वायफायवर फोन मात्र ठीक. ही लक्षणं मी बऱ्याच घरांत बघितलीत आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टिम चांगलीच असते, दोष नेटवर्कच्या कुठल्यातरी एका पायरीत असतो. नवीन सिस्टिम टाकून तुमचा आख्खा रविवार जाईल आणि सोमवारी बँकेची साइट परत अडकेल.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. साइट अडकलेली असते तेव्हा पटकन वायफाय बंद-चालू करू नका नि रीस्टार्ट पण नको, कारण त्याने काम चालू होतं पण पुरावा पुसला जातो आणि तुम्ही होतात तिथेच राहता. अडकलेली असतानाच टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून बघायचं की नेमकं कुठल्या पायरीला अडकलंय, वायफाय, नाव शोधणं, कनेक्शन जोडणं की जोडल्यानंतर डेटा येणं. 'कधी कधी होतं' असं आपण म्हणतो पण त्यामागे बहुतेक वेळा ठरलेलं कारण असतं, फक्त ते पकडायला त्याच क्षणी बघावं लागतं. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.)

आणि फोन चालतो म्हणून लाईन चांगली असा निष्कर्ष काढू नका. बरेच फोन वायफाय ढिलं वाटलं की गुपचूप मोबाईल डेटावर जातात, आपल्या लक्षातही येत नाही. तुलना करायची तर आधी फोनचा मोबाईल डेटा बंद करा. शिवाय अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा), त्यामुळे फोन नाव विचारतो एकाकडे आणि लॅपटॉप विचारतो दुसऱ्याकडे असं होऊ शकतं. मोबाईल डेटा बंद केल्यावर फोनवर पण बँक अडकायला लागली तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला, लॅपटॉप निर्दोष.

आता वायफाय. आपल्याकडे जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भिंती जाड असतात, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दोन भिंतींपलीकडे मरतोच. साइट अडकलेली असताना राउटरलाच पिंग करा (डेटाचा छोटा तुकडा, म्हणजे पॅकेट, पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणारी कमांड), 'आयपी राउट' मध्ये डीफॉल्टच्या पुढे जो पत्ता दिसतो तो, बहुतेक १९२.१६८.१.१ असतो. तिथेच उत्तरं गळत असतील किंवा मधेच शेकड्यांत मिलिसेकंद लागत असतील तर पुढचं काही बघायची गरज नाही, जागा बदला नाहीतर केबल लावा. आणखी एक, उबुंटूमध्ये वायफायचं पॉवर सेव्हिंग मुद्दाम चालू करून दिलेलं असतं आणि काही वायफाय चिप्सना ते झेपत नाही. सिस्टिमच्या एटीसी फोल्डरमधल्या नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरात डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल आहे, त्यात ३ लिहिलेलं असतं म्हणजे चालू, २ केलं की बंद, मग नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट. पण मला तुमच्या बाबतीत हे कारण वाटत नाही, कारण वायफाय खराब असतं तेव्हा सगळंच एकदम अडखळतं, यूट्यूबसकट. तुमच्याकडे ठराविक साइटच अडकतायत.

पुढची पायरी नाव शोधण्याची, म्हणजे डीएनएस. 'रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी' आणि पुढे साइटचं नाव असं चार-पाच वेळा मारा, मध्ये 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस' करून, नाहीतर ते आधीचंच लक्षात ठेवलेलं उत्तर देईल. प्रत्येक वेळी लगेच उत्तर आलं तर डीएनएस ठीक. काही वेळा लगेच आणि काही वेळा बराच वेळ लागून आलं तर गडबड इथे आहे, राउटर स्वतः डीएनएसचं काम करतोय आणि त्याला झेपत नाहीये असं समजा, सेटिंगमध्ये त्या वायफायचा डीएनएस हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा. एटीसीतल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ मध्ये १२७.०.०.५३ दिसत असेल तर सिस्टिमडी (नाव शोधण्याचं काम बघणारा उबुंटूचा भाग) मध्ये बसलाय, पण तिथे थेट राउटरचा पत्ता असेल आणि उशीर बरोबर ५ सेकंदांचा असेल तर ती ओळखीची खूण आहे: जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (जुन्या आणि नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) दोन्हींचे प्रश्न एकाच सॉकेटवरून लागोपाठ पाठवते, काही राउटर त्यातल्या एकाचंच उत्तर देतात, आणि ती ५ सेकंद थांबून परत विचारते. त्याच फाइलमध्ये ऑप्शन्सपुढे 'सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' लिहिलं की थांबतं.

आता जे मला तुमच्याकडे सगळ्यात जास्त वाटतंय त्यावर येतो. साइट अडकली की टर्मिनलमध्ये 'कर्ल डॅश व्ही' (ब्राउझरशिवाय साइट उघडून प्रत्येक पायरी छापणारी कमांड) आणि साइटचा पूर्ण एचटीटीपीएस पत्ता टाका नि एकेक ओळ वाचा. आधी 'ट्राइंग' आणि आयपी पत्ता येतो, मग 'कनेक्टेड टू', मग टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीसाठीची ओळखपाळख) 'क्लायंट हेलो', आणि त्याच्याखाली लगेच 'सर्व्हर हेलो' यायला हवं. 'ट्राइंग' लाच थांबलं तर रस्ताच बंद आहे किंवा पलीकडून उत्तर नाही. पण 'कनेक्टेड' झालं, 'क्लायंट हेलो' गेलं आणि मग कर्सर नुसता लुकलुकत राहिला तर नव्वद टक्के एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल आकाराचं) लफडं. मागे म्हार्दोळला मावशीकडे हेच डोळ्यांसमोर बघितलं, बिल भरायची साइट दर वेळी त्याच ओळीला येऊन थांबायची, कनेक्शन जोडलेलं, आणि पलीकडून चकार शब्द नाही.

होतं असं की इथरनेटचं पॅकेट १५०० बाइटचं असतं, पण फायबरवाले बऱ्याचदा पीपीपीओई (लॉगिन करून लाईन जोडायची पद्धत) वापरतात आणि ते स्वतःचे ८ बाइट घेतं, म्हणून मोठ्यात मोठं पॅकेट १४९२ चं जाऊ शकतं, आणि कंपनीने पुढे अजून एखादं टनेल घातलं असेल तर त्याहून कमी. कनेक्शन जोडायची पॅकेटं चिमुकली असतात ती जातात, पण सर्व्हर आपलं सर्टिफिकेट पाठवायला लागतो तेव्हा पहिल्यांदा भरलेली मोठी पॅकेटं निघतात आणि ती अडतात. अरुंद साकवावरून स्कूटर आरामात जाते आणि खनिजाचा ट्रक अडतो तसंच. नियमाप्रमाणे अडवणाऱ्याने पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायच्या पद्धतीचा) निरोप द्यायचा असतो की बाबा लहान पॅकेट पाठव, ही पद्धत १९९० पासून ठरलेली आहे, पण बँका वगैरे ठिकाणी फायरवॉलवाले सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद करतात, मग तो निरोप पोचतच नाही, सर्व्हर तेच मोठं पॅकेट परत परत पाठवतो आणि तुम्ही गोल फिरणारं चक्र बघत बसता. मला या सरसकट बंद करण्याचा मनापासून राग आहे, त्याने सुरक्षा फारशी वाढत नाही आणि हजारो घरांत लोक आपल्या लॅपटॉपला दोष देत बसतात.

मग यूट्यूब कसं चालतं? गुगलच्या साइट ब्राउझरशी क्विक नावाच्या नव्या पद्धतीने बोलतात, ते यूडीपीवर चालतं आणि सुरुवातीची पॅकेटं १२०० बाइटच्या आसपासच ठेवतं, त्यामुळे ती अरुंद जागेतून सहज निसटतात. बँकेचा सर्व्हर जुन्या पद्धतीने टीसीपीवर पूर्ण भरलेली पॅकेटं पाठवतो. म्हणून 'यूट्यूब चालतंय म्हणजे नेट चांगलं' हे केबलवाल्याचं वाक्य मान्य करू नका.

तपासायचं असं. आधी १.१.१.१ ला साधा पिंग करून उत्तर येतंय याची खात्री करा. मग पिंगला 'डॅश एम डू' आणि 'डॅश एस १४७२' हे ऑप्शन द्या. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. लगेच 'फ्रॅग नीडेड' किंवा 'मेसेज टू लाँग, एमटीयू १४९२' असं छापून आलं तर घाबरू नका, निदान तुमच्या बाजूला निरोप नीट मिळतोय. काहीच छापून आलं नाही, नुसती शांतता, तर पॅकेट कुठेतरी गिळलं जातंय. मग १४६४ करून बघा, मग अजून कमी, उत्तर कुठे सुरू होतं ते शोधा. मावशीकडे १४७२ ला गप्प, १४६४ ला पण गप्प, १४३२ ला खटाखट उत्तरं. तिथल्या तिथे 'आयपी लिंक सेट' ने वायफायचा एमटीयू १४०० केला आणि ब्राउझरमध्ये तीच साइट परत उघडली, लगेच आली.

हे तात्पुरतं आहे, रीस्टार्टला जातं, पण निदानासाठी याच्याएवढं सोपं काही नाही. १४०० ने फरक पडला तर 'एनएम-कनेक्शन-एडिटर' उघडून त्या वायफायच्या टॅबमध्ये एमटीयूच्या चौकटीत तो आकडा कायमचा टाका. १२८० च्या खाली कधीच जाऊ नका, आयपीव्ही६ ला तेवढं लागतंच. नेटवर 'टीसीपी एमटीयू प्रोबिंग १ करा' असा सल्ला सापडेल, तो वाईट नाही पण तो तुमच्याकडून जाणाऱ्या पॅकेटांसाठी आहे, तुमचं दुखणं येणाऱ्या पॅकेटांचं असेल तर त्याने काही होणार नाही. उलट साइट उघडते पण फाइल अपलोड करताना अडकते असं असेल तर तो जरूर वापरा. आणि कर्लने नीट उघडतं पण क्रोममध्ये अडकतं असं दिसलं तर त्याचंही कारण आहे, २०२४ मध्ये क्रोम १२४ पासून डेस्कटॉपवर नव्या क्वांटम-सुरक्षित चावीमुळे 'क्लायंट हेलो' च एका पॅकेटात मावेनासं झालंय, काही जुन्या फायरवॉलना ते कळत नाही.

राहिलं आयपीव्ही६, आणि तुमचं 'कधी उघडतं कधी नाही' मला इथूनच येत असेल असं वाटतं. साइटचे दोन्ही पत्ते असले की ब्राउझर आयपीव्ही६ आणि आयपीव्ही४ यांची शर्यत लावतो, आयपीव्ही६ ला साधारण पाव सेकंद आघाडी देऊन, आणि जो आधी जोडला जाईल तो वापरतो. पण शर्यत फक्त जोडण्याची आहे, चिमुकल्या पॅकेटांची. आयपीव्ही६ जिंकला आणि पुढे मोठी पॅकेटं त्याच्या रस्त्यात अडकली तर ब्राउझर परत आयपीव्ही४ कडे वळत नाही, अडकून राहतो. पुढच्या वेळी आयपीव्ही४ जिंकला की साइट उघडते. म्हणून अडकलेली असतानाच 'कर्ल डॅश ४' आणि 'कर्ल डॅश ६' दोन्ही मारा. एकाने उघडलं आणि दुसऱ्याने नाही, तर सापडलं.

पावसात लाईट येऊन जाऊन असते त्याचाही इथे संबंध आहे. घरातला राउटर इन्व्हर्टरवर असतो पण व्हरांड्यातला फायबरचा डबा नसतो, किंवा पलीकडची लाईनच पडते, मग सेशन तुटून नवीन जोडलं जातं आणि कंपनी नवीन आयपीव्ही६ प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) देते, राउटर मात्र चालूच असल्यामुळे लॅपटॉपला कळत नाही आणि तो जुना पत्ता धरून बसतो. चांगला राउटर जुना पत्ता रद्द झाल्याचं सांगतो, स्वस्तातले बरेच सांगत नाहीत. 'आयपी डॅश ६ अ‍ॅड्रेस' मध्ये २ ने सुरू होणारे पत्ते बघा, पहिले चार गट वेगवेगळे असलेले दोन प्रकार दिसले तर हेच झालंय. रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ बरं चालतं असं तुम्ही लिहिलंय ते याच्याशी तंतोतंत जुळतं, म्हणून लाईट गेल्याची वेळ आणि साइट अडकल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा, दोन-तीन वेळा जुळल्या की शंका राहणार नाही.

आयपीव्ही६ दोषी निघालं तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ तात्पुरतं डिसेबल करून बघा. ते कायम तसंच ठेवावं असं माझं मत नाही, कारण हल्ली बरेच लोक आयपीव्ही४ वर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकड्यांनी बसलेत आणि आयपीव्ही६ हाच खरा मोकळा रस्ता आहे, पण मुलीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्या असेल तर बिनदिक्कत बंद करा.

एका वेळी एकच बदल करा आणि मग दिवसभर वापरून बघा, एमटीयू, डीएनएस, आयपीव्ही६ सगळं एकदम बदललंत तर चालू होईल पण कशाने ते कळणार नाही. आणि केबलवाल्याला फोन करताना 'नेट स्लो आहे' असं सांगू नका, तो स्पीडटेस्ट दाखवून जाईल. त्याला सांगा की १४७२ चा पिंग उत्तर न देता गिळला जातोय, अमुक आकड्यापासून उत्तर येतं, राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग चालू करून द्या (कनेक्शन जोडतानाच पलीकडच्याला लहान पॅकेट पाठवायला सांगणारं सेटिंग). राउटर तुमचा स्वतःचा असेल तर त्याच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या लाईनच्या) सेटिंगमध्ये एमटीयूची चौकट असते, तिथे पण टाकता येतं, मग घरातल्या सगळ्या मशिनींचं काम होतं. पिंगचे आकडे आणि दोन्ही कर्लच्या शेवटच्या ओळी इथे टाकल्यात तर नेमकं काय बदलायचं ते सांगतो, फक्त टाकताना आपला सार्वजनिक आयपी पत्ता खोडा.