उत्तर: समोरच्या दातांवरील पट्टे आणि मला महागात पडलेली घाई

नमस्कार. दिवाळीनंतर स्थळ पाहायला जायचे आहे, तोपर्यंत कमी खर्चात दात पांढरे करायचे आहेत, त्यासाठी लिंबू आणि खायचा सोडा वापरावा, कोळशाची पेस्ट घ्यावी की शहरात एकाच बैठकीत दात उजळून देतात तिथे जावे, असे आपण विचारले आहे. यांपैकी कशाचेही उत्तर मी आधी देणार नाही, कारण मी आपल्या पुढच्या ओळीपाशी थांबलो. तंबाखू, मिश्री, गुटखा यांपैकी कशाचेही व्यसन नसताना समोरच्या दातांवर आडवे पिवळसर पट्टे आहेत आणि धाकट्या भावाचेही दात अगदी तसेच आहेत, असे आपण सहज लिहून गेला आहात. माझ्या मते आपला सगळा प्रश्न त्या एका ओळीत आहे.

मी किनवट तालुक्यातला. आमच्या वस्तीवर हापशाचे पाणी होते आणि वर्गातील निम्म्या मुलांचे दात असेच असल्याने हा काही दोष आहे हेच आम्हाला शाळा संपेपर्यंत ठाऊक नव्हते. नांदेडला शिकायला गेल्यावर खोलीतील एका मुलाने 'तू दात घासत नाहीस का?' असे विचारले, आणि त्या दिवसापासून मी तोंडावर हात ठेवून हसू लागलो. मी डॉक्टर नाही, साधा लेखा कर्मचारी आहे. त्यामुळे पुढचे सगळे एका रुग्णाचे बोलणे समजून वाचावे आणि निर्णय दंतवैद्यांना दात दाखवूनच घ्यावा.

चहाचे, तंबाखूचे किंवा किटणाचे डाग दातावर बाहेरून बसतात. जमिनीतील पाण्यातून फ्लोराइड नावाचा क्षार पोटात जास्त गेला, तर मात्र दात हिरडीखाली जबड्यात घडत असतानाच त्याचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, कच्चे राहते. समोरच्या कायमच्या दातांचे इनॅमल साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत घडून होते, त्यामुळे त्या वयात प्यायलेल्या पाण्याची खूण जन्मभर राहते. दात उगवताना त्यावर खडूसारखे पांढरे ठिपके किंवा रेघा असतात आणि पुढे त्यांत पिवळा-तपकिरी रंग मुरतो. उजव्या आणि डाव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखेच पट्टे असणे आणि एकाच घरातील, एकच पाणी प्यायलेल्या भावंडांचे दात तसेच असणे, ही त्याची ठळक लक्षणे आहेत. असा डाग घासून जात नाही, कारण तो दातावर नसून दातात असतो.

हे मला ठाऊक नव्हते, म्हणून २०११ साली लग्नाआधी दोन महिने मी रोज लिंबाच्या फोडीवर सोडा टाकून दात घासले. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) २ ते ३ च्या दरम्यान असतो आणि सुमारे ५.५ च्या खाली इनॅमल विरघळू लागते. गेलेले इनॅमल पुन्हा येत नाही. सोडा-लिंबू एकत्र आल्यावर जो फेस येतो तो निव्वळ वायूचा असतो, पण मला तो दातांची घाण निघाल्याचा पुरावा वाटत असे. पट्टे जसेच्या तसे राहिले आणि साध्या माठातल्या पाण्यानेही दात आंबू लागले.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना मी एका मोठ्या शहरातील, काचेच्या दाराच्या दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही आणि कृपया कोणी विचारूही नये. तिथे भिंतीवर दातांच्या सोळा छटांची पट्टी होती, माझ्या दाताशेजारी ती धरून 'आठ छटा उजळतील' असे सांगण्यात आले आणि नऊ हजार रुपये आधीच भरून घेण्यात आले. गाव कोणते, लहानपणी पाणी कुठले प्यायलात, दात आंबतात का, यांपैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही. लिंबाचा उद्योग मीही सांगितला नाही, ही माझी चूक. निळ्या दिव्याखाली तासभर बसवून त्यांनी जेल लावले. पिवळेपणा खरोखर उतरला, परंतु त्यामुळे खडूसारखे पांढरे ठिपके आधीपेक्षा अधिक उठून दिसू लागले आणि त्या रात्री दातांत अशा कळा आल्या की मी उशी तोंडात धरून पडून होतो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा डॉक्टर भेटले नाहीत. कोणते जेल, किती टक्क्यांचे लावले हे कागदावर लिहून मागितले, तर 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' असे उत्तर मिळाले. नऊ हजारांची पावती मागितल्यावर तर समोरच्या बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी उधारी मागायला आलो आहे. लग्नाच्या अल्बममधील एकाही छायाचित्रात माझे दात नाहीत. त्या ठिपक्यांचा उठाव काही आठवड्यांनी थोडा निवला, कारण उपचारात सुकलेला दात पुन्हा ओलावा घेतो, पण एवढी साधी गोष्टही मला तिथे कोणी समजावून सांगितली नव्हती.

पुढे वर्षभराने औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. केसपेपर, लांब रांग, शिकाऊ डॉक्टर आणि त्यांच्यामागे उभे राहून पाहणारे शिक्षक, असा सगळा प्रकार होता. तेथील पहिलाच प्रश्न 'बालपण कुठल्या गावी गेले?' हा होता. सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांचा लेप दातावर हळूहळू घासून वरचा मिलिमीटरच्या अंशाएवढाच थर काढण्याची, मायक्रोअ‍ॅब्रेजन नावाची पद्धत त्यांनी वापरली. हे काम हिरड्या झाकून आणि मोजून केले जाते, म्हणून घरच्या लिंबाशी त्याची तुलना करू नये. तीन बैठकांत तपकिरी पट्टे जवळजवळ गेले आणि दोन दातांवरचे खड्डे दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरून मिळाले. परभणीहून जाण्या-येण्याचे एसटीचे भाडे उपचारापेक्षा जास्त झाले, यावरून खर्चाचा अंदाज यावा. लातूर आणि नांदेड येथेही दंत महाविद्यालये आहेत. जवळ पडेल तिथे आधी चौकशी करावी.

पट्टे हलके असतील, तर माझ्या मते केवळ पांढरेपणासाठी चांगले दात कोरून कॅप बसवण्याच्या सल्ल्याला सरळ नकार द्यावा. हे माझे ठाम मत आहे आणि काही डॉक्टरांना ते पटणार नाही.

आपले डाग बाहेरचेच निघाले, तर साधे स्केलिंग आणि पॉलिशिंग, म्हणजे किटण खरवडून काढणे आणि दात गुळगुळीत करणे, हाच सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे. त्याने दात हलतात किंवा फटी पडतात, हा आपल्याकडील जुना गैरसमज आहे. फट आधीच असते, ती किटणाने भरलेली असते. कोळशाच्या पेस्टने दातातील रंग बदलतो याला आधार नाही, उलट काही पेस्ट खरखरीत असतात आणि त्यांचे काळे कण हिरडीच्या कडेला अडकतात. राखुंडी आणि लाल दंतमंजनाविषयीही मी हेच म्हणेन, मग आजी काहीही म्हणो.

ब्लीचिंग, म्हणजे रसायनाने दात उजळणे, करायचेच ठरले, तर दाताच्या मापाचा ट्रे करून घेऊन त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल दंतवैद्यांच्या देखरेखीखाली सुमारे दोन आठवडे वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्याची ताकद सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडएवढी असते, तर दवाखान्यात बऱ्याचदा ३५ टक्क्यांपर्यंतचे लावतात. निळ्या दिव्याने टिकाऊ असा काही जास्तीचा फायदा होत नाही. कीड, उघडी मुळे किंवा हिरडीची सूज असेल तर आधी ती बरी करावी. जुन्या कॅपचा किंवा भरलेल्या दाताचा रंग ब्लीचने बदलत नाही. अठरा वर्षांखालील मुलांनी आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी या वाटेला जाऊ नये. उपचारानंतर पहिले दोन दिवस चहा, हळद आणि येसराची आमटी टाळायला सांगतात. आमटी टाळणे मला सर्वांत जड गेले.

आणखी एक. पाण्यातील फ्लोराइडने दात बिघडले म्हणून फ्लोराइडची पेस्ट सोडण्याची चूक मोठ्यांनी करू नये. तयार झालेल्या दातांना ती किडीपासून वाचवते. घरात लहान मूल असेल, तर ब्रशवर तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी व ती थुंकायला लावावी. बोअरच्या पाण्याची तपासणी मात्र आधी करून घ्यावी. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ती होते. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल, तर ते पाणी लहान मुलांना देऊ नये, आणि उकळल्याने ते कमी होते असे समजू नये. पाणी आटून प्रमाण उलट वाढते.

दवाखान्यात जाण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात, दात कोरडे करून, आपला आणि भावाचा एकेक फोटो काढून ठेवावा आणि आठव्या वर्षापर्यंत दोघे कुठले पाणी प्यायलात हे आईला विचारून घ्यावे. ठरलेली तारीख तिथे सांगावी, पण त्या तारखेच्या आधी किमान महिना मोकळा ठेवावा.