‘नैराश्य’ की ‘अवसाद’, ‘ताण’ की ‘तणाव’?

शंका अशी आहे: डिप्रेशन आणि स्ट्रेस यांचे जीवशास्त्र व उपचार यांवरील संशोधनाचा आढावा मराठीत लिहायचा असेल, तर पहिल्यासाठी ‘नैराश्य’ वापरावे की ‘अवसाद’, आणि दुसऱ्यासाठी ‘ताण’ की ‘तणाव’? ‘अवसाद’ हा हिंदी शब्द असल्यामुळे तो टाळावा, असे शंका विचारणाऱ्यांना कोणीतरी सुचवले आहे.

हिंदीचा मुद्दा आधी निकालात काढू. ‘अवसाद’ हिंदीत रुळला हे खरे, पण शब्द संस्कृत आहे आणि त्यावर कोणत्याही एका भाषेची मालकी नाही. ‘सद्’ म्हणजे बसणे, खाली बसणे, खचणे; ‘अव’ म्हणजे खाली. याच धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विषाद’ आणि ‘विषण्ण’ हे शब्द झाले, तर ‘प्र’ लागून ‘प्रसाद’ आणि ‘प्रसन्न’. म्हणजे प्रसन्नता आणि विषण्णता या सख्ख्या बहिणी आहेत. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग, आणि त्यात अर्जुन ‘सीदन्ति मम गात्राणि’ म्हणतो तेव्हा त्या ‘सीदन्ति’मध्येही हाच ‘सद्’ आहे. लगेच पुढे तोंडाला पडलेली कोरड, अंगाचा कंप आणि उभे राहिलेले रोमांच यांचे वर्णन येते. आजचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ त्याला अनुकंपी (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या) चेतासंस्थेची तीव्र ताण-प्रतिक्रिया म्हणेल, अवसाद म्हणणार नाही. निदानाच्या प्रचलित निकषांनुसार अवसाद ठरण्यासाठी लक्षणे किमान दोन आठवडे टिकावी लागतात. अर्जुनाला तेवढा अवधी मिळालाच नाही.

‘नैराश्य’ हा शब्द मात्र ‘निराश’ या विशेषणापासून झालेले भाववाचक नाम आहे आणि त्याच्या पोटात आशेचा अभाव ही एकच गोष्ट आहे. गंमत म्हणजे जुन्या संस्कृतात हा शब्द नेहमीच वाईट नव्हता. भागवताच्या एकादश स्कंधात, पिंगलेच्या कथेत, ‘आशा हि परमं दुःखं नैराश्यं परमं सुखम्’ असे वचन आहे. तेथे आशा म्हणजे हाव आणि नैराश्य म्हणजे त्या हावेतून झालेली सुटका. आजच्या मराठीत तो अर्थ उरलेला नाही, म्हणून व्युत्पत्तीच्या आधारे ‘नैराश्य’ बाद करावा असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो संशोधनाच्या लेखनापुरताच आहे.

अडचण अशी की संशोधक आशेचा अभाव ही गोष्ट अवसादापासून वेगळी मोजतात. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1961 मध्ये अवसादाची तीव्रता मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली आणि 1974 मध्ये, सहकाऱ्यांसह, केवळ निराशा मोजणारी दुसरी प्रश्नावली मांडली, कारण आत्महत्येच्या धोक्याचा अंदाज घेताना भविष्याविषयीची निराशा स्वतंत्रपणे तपासणे त्यांना आवश्यक वाटले. आता पहिल्या प्रश्नावलीला ‘नैराश्य-मापनी’ म्हटले, तर दुसरीला काय म्हणायचे? दोन्हींचा उल्लेख असलेले वाक्य अनुवादकाने लिहून पाहावे. ‘नैराश्य आणि निराशा यांचा परस्परसंबंध’ असे काहीतरी कागदावर उतरते आणि वाचकाला ते छापखान्याची चूक वाटते. शिवाय अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-निकषांतील नऊ लक्षणांपैकी दोन मुख्य मानली जातात: उदास मनःस्थिती, आणि रस किंवा आनंद नाहीसा होणे. निराशा तेथे स्वतंत्र लक्षण म्हणून येत नाही. उदास मनःस्थितीच्या वर्णनातली एक छटा म्हणून येते. ज्याला कशातच रस उरलेला नाही पण जो भविष्याविषयी हताशही नाही, अशा रुग्णाला ‘नैराश्यग्रस्त’ म्हणणे म्हणजे त्याच्या तोंडी त्याने न सांगितलेले लक्षण घालणे होय. ‘मन लागत नाही’ ही आपली साधी तक्रार त्या दुसऱ्या मुख्य लक्षणाचे कितीतरी नेमके वर्णन करते.

प्राण्यांवरील प्रयोगांत ही अडचण आणखी ठळक होते. रॉजर पोरसोल्ट यांनी 1977 मध्ये उंदरांची पोहण्याची चाचणी मांडली: बाहेर पडता येणार नाही अशा पाण्याच्या नळकांड्यात उंदीर आधी धडपडतो आणि नंतर निश्चल तरंगत राहतो, अवसादरोधी औषध दिले तर धडपड जास्त वेळ चालते. या निश्चलतेला पोरसोल्ट यांनी जे नाव दिले त्याचे चोख मराठी ‘वर्तनातील नैराश्य’ असेच होईल. पुढे अनेकांनी त्या नावावर हरकत घेतली, कारण शक्ती वाचवणारा उंदीर हताश झालेला असतोच असे नाही. हा वाद मराठीत सांगायचा असेल तर ‘नैराश्य’ हा शब्द त्या जागेसाठी राखून ठेवावा लागतो. उंदराला आशा होती की नाही हे कोण सांगणार? म्हणून सावध संशोधक ‘अवसादसदृश वर्तन’ या अर्थाचाच शब्दप्रयोग करतात.

तेव्हा आढाव्याच्या शीर्षकात वाचकाच्या ओळखीचा म्हणून ‘नैराश्य’ आला तर माझी तक्रार नाही. मजकुरात मात्र विकाराला ‘अवसाद’, आशेच्या अभावाला ‘निराशा’ आणि मनःस्थितीला ‘उदास’ असे वाटप करावे. ‘उदासीनता’ मुळीच वापरू नये. ‘उदासीन’ म्हणजे अलिप्त, तटस्थ. रसायनशास्त्रातील उदासीन द्रावण आम्लही नसते आणि आम्लारीही नसते, दुःखी तर नसतेच.

आता ताण. व्यक्तीच्या शरीरावर किंवा मनावर येतो तो ताण, आणि दोन पक्षांमध्ये निर्माण होतो तो तणाव, असा भेद आपल्या वापरात बराचसा स्थिर झाला आहे. ‘तणावपूर्ण शांतता’ दंगलीनंतर गावात असते, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीत नसते. म्हणून येथे ‘ताण’ हाच शब्द. ‘स्ट्रेस’ ही मूळ इंग्रजी संज्ञाच मात्र थोडी घसरलेली आहे. हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की थंडी, इजा, विषारी द्रव्ये अशी कारणे निरनिराळी असली तरी शरीराची प्रतिक्रिया ठरावीक असते: अधिवृक्क ग्रंथी वाढतात, थायमस (छातीतील, रोगप्रतिकाराशी निगडित ग्रंथी) आक्रसते, जठरात व्रण पडतात. या प्रतिक्रियेला त्यांनी पुढे स्ट्रेस म्हटले. अभियांत्रिकीत मात्र स्ट्रेस म्हणजे पदार्थात निर्माण होणारे प्रतिबल आणि त्यामुळे पदार्थात होणारा आकारबदल म्हणजे स्ट्रेन, ज्याला आपण विकृती म्हणतो. आपण दुसरा शब्द निवडायला हवा होता, असे सेल्ये यांनी नंतर स्वतःच मान्य केले. बाहेरच्या कारणासाठी मग ‘ताणकारक’ अशी वेगळी संज्ञा घडवावी लागली.

मराठीत हे काम क्रियापदे परस्पर करतात, हे मला फार आवडते. ताण ‘पडतो’ तेव्हा बाहेरचा भार सांगितला जातो, ताण ‘येतो’ तेव्हा अनुभव, आणि ताण ‘घेतला’ जातो तेव्हा प्रसंगाचा आपण लावलेला अर्थ. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी प्रसंगाच्या मूल्यांकनावर दिलेला भर या तिसऱ्या क्रियापदात आयताच बसतो. आढावा लिहिताना ही क्रियापदे सैल सोडू नयेत. ‘रुग्णाने ताण घेतल्याने कॉर्टिसॉल वाढले’ (कॉर्टिसॉल म्हणजे ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक) या वाक्यात दोष नकळत रुग्णाच्या माथी जातो. प्रत्यक्षात मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून त्याच्या खालच्या पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथीला संदेश जातो, तो कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही.

ताण आणि अवसाद यांना जोडशब्दासारखे वापरणेही टाळावे. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की मेंदूने त्याचे स्रवणे थांबवायचे असते, आणि तीव्र अवसादाच्या अनेक रुग्णांत ही थांबवण्याची यंत्रणा ढिली पडलेली आढळते. पण सर्वांत नाही, आणि ताणाची ही साखळी वरच्या टोकाला तोडू पाहणाऱ्या औषधांनी अवसादावरील चाचण्यांत निराशाच केली. (येथे ‘निराशा’ अगदी योग्य.)

विचारलेले नाही, तरी उपचारांच्या भागात दोन ठिकाणी हमखास ठेच लागते, म्हणून सांगतो. मद्याला डिप्रेसंट म्हणतात ते चेतासंस्थेचे कार्य मंदावते म्हणून. त्याचे ‘नैराश्यकारक पदार्थ’ असे भाषांतर चुकीचे असून ‘मंदक’ हा शब्द पुरेसा आहे. दुसरे म्हणजे ‘सेरोटोनिनची कमतरता’ (सेरोटोनिन म्हणजे मेंदूतील एक संदेशवाहक रसायन). हा शब्दप्रयोग जीवनसत्त्वाच्या कमतरतेसारखा सरळ हिशेब सुचवतो, पण 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात अवसादाचे कारण सेरोटोनिन घटणे हेच आहे याला सुसंगत पुरावा आढळला नाही. औषधांचा उपयोग होतो की नाही हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. सेरोटोनिनच्या पुनर्ग्रहणावर, म्हणजे चेतापेशीने ते परत शोषून घेण्यावर, त्यांचा परिणाम काही तासांत होतो, रुग्णाला बरे वाटायला मात्र बहुधा काही आठवडे लागतात. म्हणून त्यांना ‘सेरोटोनिनची कमतरता भरून काढणारी औषधे’ न म्हणता ‘सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण रोखणारी औषधे’ म्हणावे. शब्द लांब आहेत, पण औषध करते ते एवढेच.