आपाला विचारा: सूरह पाठ आहे, पण खोटं बोलतो

प्रश्न: आपा, सलाम. मुलगा दुसरीत आहे, मराठी शाळेत. संध्याकाळी मकतबला (कुराण शिकवतात त्या शाळेला) जातो, फातिहा (कुराणातली पहिली सूरह) आणि छोट्या सूरह म्हणजे अध्याय फडाफडा म्हणतो, पण घरात खोटं बोलतो, बहिणीला मारतो. कुणीतरी त्याला सांगितलं की खोटं बोलणाऱ्याला अल्लाह आगीत टाकतो, तेव्हापासून रात्री दचकून उठतोय. मिस्टर लूमवर असतात, मी पण जास्त शिकलेली नाही. घरी दीन, म्हणजे धर्म, कसं शिकवू?
– एक आई, सोलापूर

उत्तर: वालेकुम सलाम. पहिलं ते आगीचं बंद करा बघू. फातिहातच बघा की, रहमान-रहीम, म्हणजे दयाळू-कृपाळू, हे आधी येतं आणि हिशेबाचा दिवस त्याच्यानंतर, मग आपण लेकराला उलटं का सांगायचं? अरबी मकतबचे हाफिजसाब बघतील, अर्थ तुम्ही सांगा, रोज एकच आयत, म्हणजे सूरहमधली एकच ओळ, मराठीत नाहीतर घरात बोलता त्या दखनीत. नमाजचं सात वर्षांपासून सांगायला लागा अशी हदीस (पैगंबरसाहेबांचं वचन) आहे, पण फर्ज, म्हणजे बंधनकारक, होते ती वयात आल्यावर, रोज्याचंही तसंच, म्हणून आत्ता फक्त सवय लावायची, शेजारच्या पोराशी तुलना नको.

मग सूरह लुकमान घ्या, ३१ वी. त्यात बाप पोराला समजावतोय, मराठी तर्जुमा मिळतो. मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात लपली तरी अल्लाह ती समोर आणतो, असं तो म्हणतो. फोडणीच्या डब्यातला एक दाणा त्याच्या तळहातावर ठेवा आणि मग सांगा, आणि हे फक्त लपवलेल्या खोट्याबद्दल नाही, कुणी न बघता केलेलं चांगलं कामही त्यात आलं हे आवर्जून सांगा. पुढे आवाज खाली ठेव, सगळ्यात वाईट आवाज गाढवाचा, असंही आहे, त्यावर पोरं जाम हसतात आणि तेच लक्षात राहतं.

खोट्याचं म्हणाल तर राग मानू नका, पण उधारीवाला दारात आला की “अब्बू घरात नाहीत सांग” हे आपल्याकडे कोण शिकवतं? एका आईने पोराला “ये, देते तुला” म्हणून हाक मारली, तेव्हा पैगंबरसाहेबांनी (सल्ल.) विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली खजूर. तर म्हणाले, काहीच दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. म्हणजे मोबाईल देते म्हणून जेवायला बसवायचं आणि नंतर द्यायचा नाही, हेपण त्यातच आलं.

बहिणीला मारण्याचं एवढं मनावर घेऊ नका, दुसरीतली पोरं मारतातच, फक्त त्यावेळी दीन मध्ये आणू नका, हात धरा आणि बाजूला बसवा.