आधी नोंदवही, मग मोर्चा

प्रिय तरुण सहकाऱ्यास,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यांच्या धुराविरुद्ध तुझ्या वस्तीने मोर्चा कधी काढावा, असे तू विचारले आहेस. माझा आग्रह असा की त्याआधी वस्तीने स्वतःची नोंदवही सुरू करावी. दुर्गंधी आली की तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कशासारखा होता, किती वेळ टिकला आणि घरात कोणाला काय त्रास झाला, एवढे तिच्यात लिहिले जावे. ‘नेहमीच वास येतो’ या तक्रारीला अधिकारी सहज बगल देतात; परंतु एकाच पहाटे, वारा एकाच दिशेने वाहत असताना, वेगवेगळ्या गल्ल्यांतील लोकांनी एकमेकांना न विचारता तोच वास नोंदवला असेल, तर त्या वेळी कोणत्या कारखान्यात काय चालले होते याची चौकशी टाळणे कठीण जाते.

अमेरिकेत लुइझियाना राज्यातील नॉर्को येथे डायमंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती रासायनिक कारखाना आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प यांच्यामध्ये अडकली होती. तेथील रहिवाशांनी हवेचे नमुने चक्क बादलीत घेतले. बादलीत खास प्रकारची पिशवी बसवायची, झाकण घट्ट लावून छोट्या पंपाने बादलीतील हवा ओढून घ्यायची, की बाहेरची हवा पिशवीत भरते आणि ती प्रयोगशाळेत पाठवता येते. तपासणी महाग असते, म्हणून नमुना नेमका कधी घ्यायचा हे ठरवायला पुन्हा ती वहीच उपयोगी पडते. दीर्घ लढ्यानंतर 2002 मध्ये कंपनीने वस्तीतील घरे विकत घेऊन स्थलांतराचा खर्च देण्याचे मान्य केले.

सरकारी आकडे नाकारू नकोस, पण ते कसे काढले आहेत हे मात्र बारकाईने पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 या सूक्ष्म कणांसाठी दर घनमीटर हवेत वार्षिक सरासरी 5 आणि चोवीस तासांची सरासरी 15 मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली. मात्र रात्री तासभर सोडलेला धूर दिवसाच्या सरासरीत विरून जातो, आणि मापनकेंद्र दूर असेल तर तेथे तो पोहोचतही नाही. त्याहून मोठी अडचण परवान्यांची आहे. प्रत्येक कारखाना आपापल्या मर्यादेत असल्याचे दाखवतो. त्या सर्वांचा एकत्रित भार मात्र एकाच वस्तीच्या फुप्फुसांवर पडतो. सुनावणीत हा एकत्रित भार मोजण्याची मागणी सर्वांत आधी करा, आणि ती वस्तीतील रहिवाशांनीच मांडावी. तू शेजारी कागद सांभाळत बसलास तरी पुरे.

1982 मध्ये अमेरिकेच्याच उत्तर कॅरोलिना राज्यातील वॉरन परगण्यात पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेली माती पुरण्यास विरोध करताना पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली, तरी माती तेथेच पुरली गेली. पण त्या आंदोलनामुळे विषारी कचरा पुरण्याच्या जागा कोणाच्या दाराशी निवडल्या जातात हा प्रश्न देशभर गेला, आणि 1987 च्या देशव्यापी अहवालात उत्पन्नापेक्षाही वंश हा घटक अधिक निर्णायक असल्याचे दिसले. हरलेल्या लढ्याची कागदपत्रे म्हणूनच जपून ठेवावीत.

कारखान्यात काम करणाऱ्या शेजाऱ्यांना विरोधक समजू नकोस. आत काय जळते हे त्यांनाच ठाऊक असते आणि पहिला धूर त्यांच्याच छातीत जातो. त्यांची नावे उघड होणार नाहीत, याची काळजी घे. आणखी एक गोष्ट चळवळीत फार उशिरा लक्षात येते: परिसर स्वच्छ झाला की भाडी वाढतात आणि ज्यांनी वर्षानुवर्षे धूर गिळला त्या भाडेकरूंनाच घर सोडावे लागते. त्यामुळे सफाईच्या पहिल्याच निवेदनात भाडेकरूंच्या निवाऱ्याची हमी मागून घ्या. करारावर सह्या झाल्यानंतर ती मिळवणे फार अवघड जाते.

सस्नेह,
तुझा ज्येष्ठ सहकारी